कोणासाठी हवंय?

आमच्या ठाण्याच्या कोपरीत तापाची साधी गोळी घ्यायची तर आधी मुलाखत द्यावी लागायची. स्टेशनकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला, दोन पायऱ्या चढून, एक जुनं औषधांचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पावलांची खोली. काचेचं काउंटर आणि त्याच्यापुढे एक स्टीलचं स्टूल. त्या स्टुलावर बसल्याशिवाय औषध मिळत नसे. उभ्याउभ्या मागणाऱ्याला दुकानदार म्हणायचे, "बसा आधी. धाप लागलीय तुम्हाला. ती तापाची की पायऱ्यांची, ते मला कळायला नको?"

सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. ते नाव एकदा माझ्यामुळे चारचौघांत खराब झालंय. आता कौतुक करायलासुद्धा ते घ्यायची मला लाज वाटते.

काका सत्तरीला टेकलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. बारा महिने पायांत मोजे आणि त्यांवर रबरी चपला. भिंतीवर त्यांचं फार्मसीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं, आणि त्याच्याच शेजारी, तेवढ्याच मानाने, एक हाताने लिहिलेला पुठ्ठा: 'स्ट्राँग मागू नये.' दर दसऱ्याला हा पुठ्ठा नव्याने लिहून, हळदकुंकू लावून परत टांगला जायचा. तरी रोज कोणीतरी म्हणायचंच, "काका, जरा स्ट्राँग द्या." मग काका समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "स्ट्राँग तिकडे. आलं घालून."

त्यांचे प्रश्न ठरलेले होते. कोणासाठी हवंय? वय किती? किती दिवस झाले? दुसरी कुठली गोळी चालू आहे? आणि शेवटी, घरात काय काय करून झालं? या शेवटच्या प्रश्नाला माणूस हमखास फसायचा. कारण आमच्याकडे औषधांची देवाणघेवाण साखरेच्या वाटीसारखी चालते. माझ्याकडच्या दोन घेऊन जा, मला छान लागू पडल्या. कोणी कबूल केलं की शेजारणीने दिलेली अर्धी गोळी घेतली, तर काका चष्मा काढून विचारायचे, शेजारीण काय करते? ती ब्लाऊज शिवते असं कळलं की म्हणायचे, "मग तिच्याकडून ब्लाऊज शिवून घ्या."

यात एक अडचण होती. काकांचा आवाज मोठा होता, आणि तो लहान करता येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मागे चार माणसं उभी असताना ते खणखणीत विचारायचे, दिवसातून किती वेळा? पातळ की पाण्यासारखं? लोक मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. काहींनी चिठ्ठी लिहून न्यायला सुरुवात केली, तर काका ती मोठ्याने वाचायचे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना मूळव्याधीचा त्रास आहे हे सगळ्या कोपरीला असंच कळलं. ते गृहस्थ त्या दिवसापासून पूल ओलांडून ठाणे पश्चिमेला जाऊन औषध आणायला लागले. काकांना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांना वाटलं चेअरमन बरे झाले.

आणि नकार तर रोजचाच. सर्दी झालीय, अँटिबायोटिक द्या म्हटलं की काका द्यायचे नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणायचे, किंवा तीन दिवस थांबा म्हणायचे, किंवा नुसतं "याला औषध नाही, याला झोप आहे" असं म्हणून पुढच्या माणसाला बसवायचे. लहान मुलाच्या खोकल्याचं रंगीत औषध मागायला आलेल्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवायचे. त्याच आईला एखाद्या दिवशी मुलाची धाप ऐकून रिक्षात बसवून हॉस्पिटलला धाडायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, या माणसाला दुकान चालवायचं नाहीये.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला हे जास्त गमतीचं वाटायचं. परीक्षेचा पेपर फुटावा तसे काकांचे प्रश्न आमच्या चारही विंगांत फुटले होते. नवीन भाडेकरू आला की पाणी किती वाजता येतं ते सांगायच्या आधी त्याला उत्तरं पाठ करून दिली जायची. दोन दिवस झाले म्हणू नकोस, पाच सांग, नाहीतर थांबा म्हणतो. दुसरी गोळी चालू नाही असंच सांग. डॉक्टरनेच दिलेली, चिठ्ठी हरवली म्हण. जिन्यात, गच्चीवर, हळदीकुंकवाला हेच. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते, पण या कॉपीला मीही पोट धरून हसलेय.

मी स्वतः मात्र काकांशी कधी खोटं बोलले नव्हते. याचा मला अभिमान होता, आणि काकांनाही. कोणी अडखळायला लागलं की ते माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "या बाईंसारखं नीट सांगा. बाई खरं सांगतात, म्हणून त्यांना लवकर औषध मिळतं." मी मान खाली घालून हसायचे. आतून फार बरं वाटायचं.

त्यांची विद्या मी घरात अनुभवली होती. माझी आई माझ्याजवळ असते. एका वर्षी तिला कोरडा खोकला धरला. तीन महिने झाले तरी जाईना. काढा झाला, मध-हळद झाली, दोन डॉक्टर झाले, छातीचा फोटोही स्वच्छ आला. शेवटी मी चघळायच्या गोळ्या घ्यायला गेले, तर काकांनी मला बसवलं आणि आईच्या रोजच्या गोळ्यांची नावं विचारली. मला पाठ नव्हती. ते म्हणाले, डबाच घेऊन या. मी डबा नेला. त्यातली ब्लडप्रेशरची गोळी त्यांनी दिव्याकडे धरली आणि सांगितलं, काहींना हिच्यामुळेच खोकला येतो, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी बदलली. आईचा खोकला थांबला. त्यानंतर वर्षभर आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खोकल्याची गोष्ट सांगत होती, आणि काकांना देवमाणूस म्हणत होती.

दुसरी आठवण आमच्या सुनीताची. ती दिव्याहून लोकलने येते, आमच्याकडे आणि आणखी तीन घरी पोळ्या करते. तिच्या नातवाला जुलाब लागले तेव्हा ती काकांकडून मीठ-साखरेच्या पावडरीचं पाकीट घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी, पोराला गुण नाही म्हणून. काकांनी विचारलं, किती पाण्यात कालवलंस? तिने पेल्याएवढ्या पाण्यात अख्खं पाकीट घातलं होतं, कारण दिव्यात पाण्याची बोंब, आणि जे आहे ते उकळायला गॅस लागतो. काका तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी तिला तिची प्यायची बाटली काढायला लावली, मापाने लिटरभर पाणी ओतलं आणि मार्करने बाटलीवर रेघ मारून दिली. इथपर्यंत, अख्खं पाकीट, दिवसभरात संपवायचं, उरलं तर फेकायचं. पोर सुस्त पडलं किंवा लघवी थांबली तर माझ्याकडे यायचं नाही, सरळ दवाखाना. सुनीता म्हणायची, "काकांकडं गेलं ना ताई, की अर्धा डॉक्टर फुकटात भेटतो."

हे सगळं चांगलं आठवतं. पुढचं त्याहून चांगलं आठवतं.

आईच्या हृदयात स्टेंट घातलाय. त्यासाठी तिला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या कायमच्या चालू आहेत. गुडघे तर आधीपासूनच गेलेले. माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला, हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईने ठरवलं की नातीच्या सासरच्या लोकांसमोर आपण काठी घेऊन जायचं नाही. आजी लंगडत जिना चढली असं कोणी म्हणायला नको. हा हट्ट आठवडाभर घरात वाढत होता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिला आपल्याकडची दुखण्याची एक गोळी दिली, आणि त्या संध्याकाळी आई आमचा जिना दोनदा चढून-उतरून आली. चेहरा फुलून आला होता तिचा. मला म्हणाली, हीच घेऊन ये.

मी गोळीच्या पट्टीचा कापलेला तुकडा घेऊन काकांकडे गेले. कोणासाठी, त्यांनी विचारलं. मी आईसाठी म्हणून सांगितलं. काकांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. म्हणाले, आईंना ही अजिबात नाही, रक्त पातळ व्हायच्या गोळ्यांबरोबर ही घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तापाला देतो ती साधी गोळी, गरम शेक, आणि ज्यांनी स्टेंट घातला त्या डॉक्टरांना विचारा, साखरपुड्याच्या आधीच विचारा. मी घरी येऊन तसंच सांगितलं. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. डॉक्टरांना दाखवायचं तर शाळेत रजा टाकावी लागणार होती, आणि पेपर तपासायचे पडले होते. लाज वाटते, पण खरं तेच आहे. मला कंटाळा आला होता. आईच्या रुसव्याचा आला होता, रजेच्या अर्जाचा आला होता, आणि थोडा काकांच्या बरोबर असण्याचाही आला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेले. गर्दी होती. मी स्टुलावर बसले, तोच तुकडा पुढे केला आणि म्हटलं, माझ्यासाठी हवीय, पाठ धरलीय. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बाकीचे प्रश्न विचारले, नेहमीपेक्षा सावकाश. वय त्यांना माहीत होतं, तरी विचारलं. दिवस पाच सांगितले. दुसरी गोळी नाही म्हटलं. शेकून झालं, बाम लावून झाला. सगळी उत्तरं जिन्यात ऐकलेली, मला पाठ होती हे मलाच माहीत नव्हतं. बोलताना हातातली किल्ली खाली पडली, ती उचलली. काकांनी दहा गोळ्या मोजून कागदी पाकिटात घातल्या आणि वर पेनाने लिहिलं, जेवणानंतर, पाच दिवसांवर नाही.

"चुकून आईंना देऊ नका," ते म्हणाले.

"छे," मी म्हटलं.

घरी पाकीट देताना आईला म्हटलं, काका शेवटी तयार झाले. साखरपुडा छान झाला. आई जिना चढली, खाली मांडी घालून बसली, नातीच्या सासूशी दोन तास गप्पा मारल्या. परतताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता. मलाही आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, बघा, काही झालं नाही.

तिला शौचाला काळं होत होतं ते तिने मला सांगितलं नाही. असलं काय सांगायचं, असं तिला वाटलं. साखरपुड्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. हॉस्पिटलमध्ये रक्त चढवावं लागलं. पोटात नळी घालून बघितलं, आत जखम होती आणि त्यातून रक्त वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

भाऊ डोंबिवलीहून धावत आला. आईची पर्स त्याच्याकडे दिली होती, आधार कार्ड काढायला. त्यातून ते कागदी पाकीट निघालं. त्यावर दुकानाचा शिक्का होता आणि काकांचं अक्षर होतं.

"ताई, हे त्या कोपरीच्या म्हाताऱ्याचं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"आईला रक्ताच्या गोळ्या चालू आहेत, माहीत नाही त्याला?"

"माहीत आहे."

दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरं मी दिलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. आईच्या हाताला सुई लावलेली, भाऊ रडवेला, आणि मी शाळेच्या साडीत उभी. मनात म्हटलं, आत्ता नको, आई घरी येऊ दे, मग सांगू.

तो थांबणार नव्हताच. आईला धोका नाही असं कळल्यावर संध्याकाळी तो सरळ दुकानात गेला. मी त्याच्यामागे गेले, त्याला आवरायला असं स्वतःला सांगत. ऐन गर्दीची वेळ. त्याने पाकीट काउंटरवर आपटलं आणि ओरडायला सुरुवात केली. सगळ्या जगाला प्रश्न विचारता, माझ्या आईला स्टेंट आहे हे माहीत असून या गोळ्या दिल्यात कशा, असं. आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. चहावाला आला.

काकांनी पाकीट उचलून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. तिथे एक वजनकाटा होता, मी त्याच्या काट्याकडे बघत राहिले.

"आई कशा आहेत आता?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, वाचली, तुमच्या कृपेने नाही. काकांनी पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाले, "गोळ्या माझ्या हातून गेल्यात. चूक माझी आहे."

तेवढं वाक्य भावाने मोबाईलवर घेतलं. माझ्याच फोनवरून ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. मीच फोन त्याच्या हातात दिला होता. तासाभरात कोपरीतल्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. चेअरमननी सगळ्यांत आधी लिहिलं, मी कधीपासून सांगतोय, या माणसाचं काही खरं नाही. मग एकेकाचा जुना राग बाहेर आला. माझ्या मुलाला औषध दिलं नव्हतं. मला सगळ्यांसमोर नको ते विचारलेलं. वय झालंय, आता दिसत नसेल. आता मोबाईलवर मागवलं की दहा मिनिटांत घरपोच येतं, कशाला जायचं तिथे. मी एकूण एक मेसेज वाचला. कोणीतरी लिहिलं, काकूंची काळजी घ्या. त्याखाली मी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पंधरा दिवसांनी, शाळा लवकर सुटली त्या दुपारी, मी दुकानात गेले. एकही गिऱ्हाईक नव्हतं. काका पट्ट्या तारखेप्रमाणे लावत बसले होते. मी स्टुलावर बसले. बोलायचं पाठ करून गेले होते, ते काही आठवेना. शेवटी म्हटलं, काका, मी तुमच्याशी खोटं बोलले.

"माहीत आहे. त्याच दिवशी कळलं."

मला वाटलं, रागाने म्हणतायत. विचारलं, कसं? ते म्हणाले, "पाठ धरलेली बाई जमिनीवर पडलेली किल्ली अशी सरळ वाकून उचलत नाही."

"मग दिल्यात का?"

त्यांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झालेला ऐकला. "दुसरं कोणी असतं तर उठवलं असतं. तुम्ही होतात. मागे माणसं उभी होती. तुम्हाला खोटं पाडायची मला लाज वाटली. त्याच्यापायी तुमची आई गेली असती, बाई. म्हणून म्हटलं चूक माझी. ते काही तुम्हाला वाचवायला म्हटलं नाही."

मी रडले. मग मोठ्या तोंडाने म्हणाले, मी भावाला सांगते, ग्रुपवरही लिहिते, सगळं खरं लिहिते. आणि त्या वेळी मनात काय होतं तेही इथे लिहून टाकते. मला वाटत होतं, काका म्हणतील, जाऊ द्या आता, झालं गेलं. थोर माणसं असंच म्हणतात, आणि मग आपल्याला थोडं रडून घरी जाता येतं.

काका म्हणाले, "सांगा. लवकर सांगा. मला अजून काही वर्षं दुकान चालवायचंय."

त्या संध्याकाळी मी मेसेज लिहिला. मराठीची शिक्षिका, चांगला लिहिला. इतका चांगला की त्यात माझी चूक शोधावी लागत होती. पुसला. दुसरा सरळ लिहिला, एकदा वाचला आणि तोही पुसला. मग म्हटलं, आई नुकतीच घरी आलीय, तिला त्रास नको. मग गणपती आले. मग नातीचं लग्न आलं, भाऊ कामात. लग्नानंतर भाऊ आईला म्हणाला की ताई होती म्हणून तू वाचलीस, आणि ते ऐकल्यावर तर सांगणं अशक्यच झालं. माझ्याकडे सबबी संपल्या असं कधी झालं नाही.

सुरुवातीला मी दुकानावरून गेले की काका आतून विचारायचे, "सांगितलंत?" मी म्हणायचे, या रविवारी. असं तीन-चार वेळा झालं. त्यानंतर त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. माझ्याकडे बघतात, मान हलवतात, परत पट्ट्या लावायला लागतात. मी आता समोरच्या बाजूने जाते.

दुकान उघडं आहे. काका रोज सकाळी येतात. कोलशेतला राहणारी त्यांची मुलगी दुकान विकून टाका म्हणून मागे लागलीय, असं चहावाला सांगतो. गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालंय, पण मला बोचतं ते वेगळंच. काका कोणाला काही विचारत नाहीत. चिठ्ठी आणली तर औषध देतात, चिठ्ठी नसली तर एवढंच म्हणतात, डॉक्टरांना दाखवा. साधं पोट बिघडलं तरी डॉक्टर, बोट कापलं तरी डॉक्टर. समोरचा सांगतोय ते खरं धरून हा माणूस आयुष्यभर औषध देत आला. आता कोणाचंच खरं धरत नाही.

मागच्या महिन्यात माझ्याच स्वयंपाकघरात सुनीताचा हात कुकरच्या वाफेने भाजला. मी शाळेत होते. नळाचं पाणी गेलेलं. ती धावत काकांकडे गेली. चार दिवसांनी मी बघितलं तर हाताला टूथपेस्ट थापलेली, खाली पू झालेला. मी तिलाच ओरडले, काकांकडे का नाही गेलीस म्हणून.

"गेलेले ना," ती म्हणाली. "काका पहिल्यासारखं नाय बोलत आता. डॉक्टरला दाखव बोलले, दुसरं काहीच नाय. डॉक्टरकडं अर्धा दिवस जातो ताई, चार घरची कामं कोण करणार? मग शेजारणीने पेस्ट लावली." मग पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काय झालं असेल काकांना? बायको तर कधीच वारलेली."

मी तिला दवाखान्यात नेलं, बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले. काकांना काय झालंय ते सांगितलं नाही.

आणि गेल्या रविवारी. आमच्याच मजल्यावर एक नवीन जोडपं राहायला आलंय, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आहे. त्या जोडप्यातल्या मुलीने बेल वाजवली. मुलाला सकाळपासून बारीक ताप, घरात थर्मामीटर नाही, औषध किती द्यायचं तेही कळत नाही. खाली बाजारात एक जुनं मेडिकल दिसलं, तिथे एक आजोबा बसतात, त्यांना विचारू का, कसे आहेत ते?

आई हॉलमध्येच होती. ती आता बरी आहे, काठी घेऊन चालते. तिने त्या मुलीला आत बोलावून बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्टेंट, साखरपुडा, न्हाणीघराचं दार, रक्ताच्या बाटल्या. हल्ली ती हे फार चांगलं सांगते. म्हणाली, "त्या माणसाला सगळं माहीत होतं, तरी दिलं. मरता मरता वाचले मी. लहान लेकराला घेऊन तिथे जाऊ नकोस हो. विचार हिला, हिनेच आणलेल्या त्या गोळ्या. हो ना गं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. कडेवरचं पोर तिच्या खांद्यावर डोकं टाकून पडलं होतं.

"हो," मी म्हटलं, आणि पुलापलीकडचं दुकान कुठे आहे ते तिला नीट समजावून सांगितलं.